कोशातून काय निघाले?

काही वर्षांपूर्वी ईस्टरच्या आधीचे दोन महिने आमच्या शब्बाथ शाळेतील लहान मुलांचा वर्ग माझ्याकडे होता. पुनरुत्थानाचा धडा मुलांच्या डोळ्यांपुढे उभा राहावा म्हणून मी एक बेत केला. मंदिराच्या आवारात कागदी लिंबाचे झाड आहे. त्याच्या कोवळ्या पालवीवर एक फुलपाखरू अंडी घालून गेले होते. अंडी फिकट पिवळी, खसखशीच्या दाण्याएवढी, एकेका पानावर एकेक. दर रविवारी मी मुलांना त्या झाडापाशी नेऊ लागले. पुढच्या रविवारी पानांवर चिमणीच्या शिटेसारख्या दिसणाऱ्या काळ्यापांढऱ्या अळ्या होत्या. त्यानंतरच्या रविवारी त्याच अळ्या हिरव्यागार व जाड झाल्या होत्या. काडीने डिवचले की डोक्यामागून नारिंगी रंगाचे दोन शिंगांसारखे काहीतरी बाहेर काढीत व आंबूस वास सोडीत. मुले ओरडत, मागे पळत व पुन्हा जवळ येत. अखेर एका अळीने फांदीला शेपूट चिकटवून, कमरेभोवती रेशमाचा एक धागा घेऊन, हिरवा कोश केला. दुसऱ्या दिवशी मी ती फांदी कापली, काचेच्या बरणीत ठेवली व बरणीच्या तोंडाला मलमल बांधली.

मुलांना मी सांगितले, "अळी आता मेली आहे. पण थांबा, काय होते ते पाहा."

झावळ्यांचा रविवार आला तरी कोश तसाच होता. मी रोज पाहत होते. ईस्टरच्या आदल्या संध्याकाळी बरणी हातात घेतली तेव्हा कोशाला टाचणीने पाडावे तसे बारीक छिद्र पडले होते आणि मलमलीखाली तांदळाच्या कणीपेक्षाही लहान अशा काळसर गांधीलमाश्या फिरत होत्या. पाचपंचवीस नव्हे, त्याहून कितीतरी अधिक. अळीने कोश केला, तो अजून ओला व मऊ होता, तेवढ्यात एका इवल्या माशीने त्यात आपली अंडी घातली होती. तिच्या पिल्लांनी कोशातला जीव आतून खाऊन टाकला होता.

आता माझा अपराध सांगते. घरी माझ्या कुंडीतल्या कढीपत्त्यावर आणखी एक कोश होता. तो पिकत आला होता, आतले पंख बाहेरून दिसू लागले होते. रात्री मी बरणी धुतली आणि पहिल्या कोशाच्या जागी हा दुसरा कोश ठेवला. जुना कोश टाकवला नाही, आगपेटीत घालून कपाटात ठेवला. ईस्टरच्या सकाळी मुलांच्या देखत फुलपाखरू निघाले. ओले पंख लोंबत होते, मग हळूहळू ताठ झाले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पाळकसाहेबही येऊन पाहून गेले. माझा धडा उत्तम झाला.

सगळी गेल्यावर एक नऊ वर्षांची मुलगी मागे राहिली. ती म्हणाली, "बाई, आपला कोश हिरवा होता. हा तर तपकिरी आहे."

मी म्हणाले, "कोशाचा रंग बदलतो, बाळ."

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले, "हो बाई" म्हणाली आणि गेली. ते "हो बाई" मला फार दिवस पुरले. तिला माझे म्हणणे पटले नव्हते आणि पटले नाही हे सांगायचे नाही एवढे शहाणपण तिच्यात त्या क्षणी आले, ते मी शिकवले होते. त्यातूनच पुढचा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला आणि तोच आज वाचकांपुढे ठेवते. जीव कसा जन्मतो, कशावर वाढतो आणि कसा मरतो, हे मुलांना शिकवताना आपण खरे किती सांगावे? आणि जे सोयीचे नाही ते झाकण्याचा आपणांस अधिकार आहे काय?

या अधिकाराच्या बाजूने तीन गोष्टी सांगितल्या जातात. एक, मुले लहान असतात. दोन, गोष्ट सुंदर असली तर बोध मनावर ठसतो. तीन, जन्माच्या विषयात काही गोष्टी बोलण्यासारख्या नसतात. तिन्हींत काही तथ्य आहे, म्हणून एकेक पाहू. बोधाची गोष्ट आधी घेते, कारण मी तिच्यातच फसले.

कीटकांपासून बोध घेण्याची आपली रीत फार जुनी आहे. नीतिसूत्रांच्या कर्त्याने आळशाला मुंगीकडे पाठवले. आपल्या मराठी संतांच्या वाङ्मयात अळी आणि भिंगुरटीचा दृष्टांत वारंवार येतो. कुंभारीण माशी मातीचे घर बांधते, त्यात अळी आणून कोंडते, तिच्याभोवती गुणगुणते आणि त्या ध्यासाने अळीच माशी होऊन बाहेर पडते, अशी ती समजूत. ज्याचा ध्यास घ्यावा तसे आपण होतो, हा त्यातला बोध खोल आहे. पण मातीच्या घरात प्रत्यक्षात काय घडते? माशी अळीला डंख करते. अळी मरत नाही, लुळी पडते. माशी त्याच घरात आपले अंडे घालून तोंड बंद करते. अंड्यातून निघालेले पिल्लू ती ताजी अळी खाऊन वाढते आणि भिंत पोखरून बाहेर येते. अळीची माशी झालेली नसते, माशीच्या पिल्लाने अळी खाल्लेली असते.

ज्यांनी हा दृष्टांत दिला त्यांना मी दोष देत नाही. त्यांना हे ठाऊक नव्हते. किडे चिखलातून, दवातून, कुजलेल्या पदार्थांतून होतात, असे ॲरिस्टॉटलसारख्या तत्त्ववेत्त्यानेही लिहून ठेवले होते. आपल्याकडे प्राण्यांचे जारज, अंडज, उद्भिज्ज असे प्रकार करताना घामातून व ओलाव्यातून होणाऱ्यांचा 'स्वेदज' हा निराळा वर्ग मानला जाई आणि उवा त्यात घातल्या जात. आजही आपण धान्यात किडे 'पडले' असे म्हणतो, जणू ते आभाळातून पडतात. १६६८ साली इटलीत फ्रान्चेस्को रेडी याने काही भांड्यांत मांस ठेवून ती उघडी ठेवली व काहींच्या तोंडाला जाळीचे कापड बांधले. उघड्या भांड्यांत अळ्या झाल्या. झाकलेल्यांत झाल्या नाहीत, माश्यांनी कापडावरच अंडी घातली. एवढ्या साध्या प्रयोगाने हे दिसले की किड्यालाही आई असते.

ज्यांना ठाऊक नव्हते त्यांनी सांगितलेली चुकीची गोष्ट ही चूक होय. मला तर ठाऊक होते. तरी मी सांगितली, म्हणून ते खोटे होय. आणि माझे पहिले खोटे कोश बदलण्याच्या आधीच झाले होते. "अळी मेली आहे" हेच मुळी खरे नव्हते. कोश श्वास घेतो. अळीच्या शरीराचा बराचसा भाग आत विरघळून नव्या बांधणीला लागतो, पण पंखांचे व पायांचे अंकुर अळीच्या अंगात आधीपासून असतात. हॉलंडमधील यान स्वामरडॅम याने सतराव्या शतकातच वाढ पूर्ण झालेली अळी चिरून तिच्या कातडीखाली फुलपाखराचे अवयव दाखवले होते. २००८ साली अमेरिकेतील संशोधकांनी एका पतंगाच्या अळ्यांना विशिष्ट वास आला की विजेचा हलका धक्का बसतो असे शिकवले. त्यांतल्या मोठ्या अळ्या पतंग झाल्यावरही त्या वासापासून दूर जात राहिल्या. म्हणजे कोशातून जाताना काही आठवणही टिकून राहिली. अळी मरून उठत नाही. ती जगतच, आतल्या आत बदलत, फुलपाखरू होते.

हे समजल्यावर मला भीती वाटली ती अशी. माझ्या वर्गातला मुलगा तीनचार वर्षांनी शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात वाचील की कोश मेलेला नसतो. तेव्हा तो काय म्हणेल? अळीची गोष्ट बाईंनी आपल्याला चुकीची सांगितली, मग ज्या गोष्टीसाठी ती सांगितली तिचे काय? ज्या विश्वासाला आधार द्यावा म्हणून मी कोश पुढे केला, त्याच विश्वासाखालची एक वीट मी काढून ठेवली होती. दृष्टांत द्यायचा तर 'हा दृष्टांत आहे' असे म्हणून द्यावा आणि तो कोठे जुळतो, कोठे जुळत नाही, तेही सांगावे. आपण बोधाला सोयीचे तेवढेच किडे निवडतो, हेही मनाशी कबूल करावे. उद्योगासाठी मुंगी चालते. पण खंडोबाच्या किड्याची मादी कधीकधी मीलनाच्या वेळीच नराला खाते, ती आपण विवाहाच्या उपदेशात घेत नाही. न घेतो ते ठीकच. मात्र यावरून एवढे कळावे की नीती किड्यांकडून येत नाही. ती आपण आधी मनात धरतो आणि मग तिला शोभेल असा किडा शोधतो.

आता वयाचा मुद्दा. मुले लहान असतात हे खरे. पाच वर्षांच्या मुलाला जे सांगायचे ते बारा वर्षांच्या मुलाला सांगायचे त्याहून थोडे असणार. पण वय पाहून कमी सांगणे ही एक गोष्ट आणि वय पाहून खोटे सांगणे ही दुसरी. "कोशातून आज फुलपाखरू निघाले नाही, दुसरेच काहीतरी निघाले, थोडी मोठी झालीस की समजावून सांगेन" असे मी त्या मुलीला म्हणाले असते, तर त्यात लपवणे होते पण फसवणे नव्हते. तिला पुढे विचारण्याचे दार उघडे राहिले असते. "रंग बदलतो" म्हणून मी ते दार लावून घेतले.

शिवाय मुले आपणांस वाटतात तेवढी नाजूक नसतात. इ. स. १६६० मध्ये जर्मनीतील फ्रँकफर्ट शहरात एक तेरा वर्षांची मुलगी रेशमाचे किडे पाळून त्यांची अवस्थांतरे पाहू लागली. तिचे नाव मारिया सिबिला मेरियान. पुढे तिने काही वर्षे हॉलंडमधील एका कडक प्रॉटेस्टंट समाजात काढली आणि १६९९ साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, आपल्या मुलीला बरोबर घेऊन ती किडे पाहण्यासाठी दक्षिण अमेरिकेतील सुरिनामला गेली. १७०५ साली तिचा मोठा चित्रग्रंथ निघाला. अंडे, अळी, कोश व फुलपाखरू ही सगळी त्या त्या झाडासकट एकाच पानावर काढण्याची तिची रीत होती. देवाची करणी म्हणूनच ती हे सारे पाहत असे. पण जेथे कोशातून फुलपाखराऐवजी माश्या निघाल्या, तेथे तिने माश्यांचीही नोंद केली. तिने माझ्यासारखा कोश बदलला नाही.

तिसरा मुद्दा संकोचाचा. आपल्या घरांत हाच सर्वांत कठीण आहे. खेड्यातल्या मुलाला गाय फळवायला नेतात हे ठाऊक असते, कोंबडी रवणीला बसवलेली त्याने पाहिलेली असते. शहरातल्या आपल्या मुलांना मात्र अंडे दुकानातून येते एवढेच दिसते. त्यांना पहिल्याने दिसणारे नर-मादी बहुधा किडेच असतात. पावसाळ्यात एकमेकांना जोडून उडणारे चतुर, एकमेकांवर बसलेले भुंगेरे. मूल विचारते, "हे काय करतात?" आणि आपण म्हणतो, "भांडतात" किंवा "खेळतात." साधे उत्तर साध्या मराठीत देता येते. एक नर आहे, एक मादी आहे, त्यांचे मीलन झाले की मादी अंडी घालते व अंड्यांतून पिल्ले येतात. यात लाजण्यासारखा एकही शब्द नाही. मूल यापुढे विचारीत नसेल तर आपणही थांबावे.

या बाबतीत धर्माच्या नावाने पूर्वी काय झाले तेही आपण स्मरावे. कुंभारणीसारख्या माश्यांच्या संसाराचा उलगडा ज्याने फार बारकाईने केला तो फ्रान्सचा झां-आंरी फाब्र हा गरीब शाळामास्तर होता. माशी आपल्या शिकारीला मारीत नाही, नेमक्या मज्जाकेंद्रात डंख करून लुळी करते, हे त्याने १८५५ साली प्रसिद्ध केले. पुढे ॲव्हिन्यो शहरात तो संध्याकाळचे मोफत वर्ग घेई व त्यांना मुलीही येत. फुलांत बीजधारणा कशी होते हे त्याने त्या मुलींना सांगितले. एवढ्यावरून गावातील काही धर्मनिष्ठ मंडळी खवळली आणि १८७० च्या सुमारास घरमालकिणींनी त्याला बायकामुलांसह घराबाहेर काढले. त्या वेळी ॲव्हिन्योत राहणारा इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल याने उसने पैसे दिले, म्हणून कुटुंब सावरले. फुलाविषयी खरे बोलणाऱ्या माणसाला ज्यांनी बाहेर काढले त्यांना आपण देवाचीच सेवा करीत आहोत असे वाटत होते. याच्या उलट उदाहरणही आहे. मधमाश्यांतील नर फलित न झालेल्या अंड्यांतून जन्मतात, त्यांना बाप नसतो, हे १८४५ साली जगापुढे मांडणारा योहान जिएर्झोन हा सायलेशियातील कॅथलिक धर्मगुरू होता. पोळ्यात काय दिसते ते सांगताना त्याच्या झग्याने त्याला अडवले नाही.

तरी येथे एक सावधगिरी हवी. फुलपाखरे, मधमाश्या यांच्याविषयी सांगून झाले की आपले कर्तव्य संपले, असे अनेक आईबाप मानतात. मूल विचारते, "मी कोठून आलो?" आणि आपण त्याला पुन्हा लिंबाच्या झाडापाशी नेतो. ही दुसऱ्या तऱ्हेची लपवाछपवी होय. फुलपाखरू अंडी घालून निघून जाते, आपले पिल्लू त्याला कधी दिसतही नाही. माणसाचे मूल नऊ महिने आईच्या पोटात असते व पुढे कित्येक वर्षे दोघांच्या हातावर वाढते. ही गोष्ट किड्याच्या उदाहरणात मावत नाही, ती स्वतंत्रपणे, आईच्या किंवा वडिलांच्याच तोंडून मुलाला ऐकायला मिळाली पाहिजे. शरीराच्या अवयवांची नावे मुलाला ठाऊक नसतील, तर कोणी त्याच्याशी वाईट वागले असता ते सांगणार कसे? मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा आपल्या देशात २०१२ साली झाला. पण कायद्याकडे जाण्याची पहिली पायरी मुलाचे तोंड उघडणे ही आहे आणि ते उघडायला त्याच्यापाशी शब्द हवेत. आपल्या संकोचाची किंमत मुलाने का द्यावी?

खरे ज्ञान उपयोगीही पडते, हे मुलांना डासावरून चांगले दाखवता येते. रोनाल्ड रॉस यांना १८९७ साली ऑगस्टच्या २० तारखेला सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले. रक्त पितो तो फक्त मादी डास आणि तेही अंड्यांच्या पोषणासाठी. साठलेल्या पाण्यात अंड्यापासून डास व्हायला उन्हाळी हवेत आठदहा दिवस पुरतात, म्हणून आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळून पिंप, हौद, फुलदाण्या रिकाम्या करायला सांगतात. पिंपातल्या वळवळणाऱ्या अळ्या ज्या मुलाने स्वतः पाहिल्या, त्याला हे दोनदा सांगावे लागत नाही. आणि आपल्याला चावणारीसुद्धा आपल्या अंड्यांसाठीच धडपडते, हे ऐकून मुले थोडी गप्प होतात. पाणी तर ओतून द्यायलाच हवे, पण ते शत्रूविषयी नीट जाणून घेऊन ओतले जाते.

आता सर्वांत अवघड भाग उरला. ज्याच्यामुळे मी कोश बदलला तो. जिवंत अळीला आतून खाऊन वाढणारे जीव या सृष्टीत का आहेत? हा प्रश्न माझ्यासारख्या शिक्षिकेला सुचला तसा मोठ्यांनाही सुचला आहे. २२ मे १८६० च्या पत्रात चार्ल्स डार्विनने अमेरिकेतील वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांना लिहिले की दयाळू व सर्वशक्तिमान देवाने असल्या माश्या हेतुपूर्वक केल्या असतील हे आपल्याला पटत नाही. ग्रे स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती होते. डार्विनचा सिद्धान्त आणि देवावरील श्रद्धा यांत विरोध नाही असे ते मांडत राहिले. दोघांचे एकमत झाले नाही, पण स्नेह टिकला. प्रश्न टाळून स्नेह टिकवावा असे त्या दोघांपैकी कोणाला वाटले नाही.

या प्रश्नाला एक व्यवहारी उत्तर मिळते. आमच्या बेळगाव भागात आणि कोल्हापूरकडे उसाला खोडकिडा लागतो. त्यासाठी शेतकरी ट्रायकोकार्डे लावतात. त्या कार्डांवरून निघणाऱ्या मोहरीच्या दाण्याहूनही लहान माश्या किड्याच्या अंड्यातच आपले अंडे घालतात, त्यामुळे उसातली अळी जन्मतच नाही आणि विषारी औषध कमी फवारावे लागते. झाडावरच्या सगळ्याच अळ्या वाढल्या असत्या तर आमच्या लिंबाला पान राहिले नसते, हेही खरे. हे मुलांना जरूर सांगावे. मात्र हे पूर्ण उत्तर आहे असे भासवू नये. लिंब वाचले म्हणून त्या एका अळीचे काय झाले, हा मुलीचा प्रश्न सुटत नाही. तेथे "मला ठाऊक नाही" असे म्हणण्याची तयारी हवी. ईयोबाच्या मित्रांपाशी प्रत्येक दुःखाचे उत्तर तयार होते आणि देवाने नापसंत केले ते त्यांचेच बोलणे, हे आपण वाचलेले आहे.

ईस्टरनंतरच्या रविवारी मी आगपेटीतला तो जुना कोश वर्गात नेला. मुलांना सर्व सांगितले. अळी मेली आहे असे मी म्हणाले ते चूक होते, हे सांगितले. मी कोश बदलला, हेही सांगितले आणि त्या मुलीला सर्वांसमोर म्हणाले, "तुझं बरोबर होतं. तो कोश आपला नव्हता. मी तुला खोटं सांगितलं." मुले शांत होती. मग एका मुलाने विचारले, "म्हणजे त्या माश्यापण पिल्लंच ना, बाई?" मी हो म्हणाले. त्या मुलीने विचारले, "अळीला दुखलं असेल काय हो, बाई?"

मी म्हणाले, "मला ठाऊक नाही. किड्यांना आपल्यासारखं दुखतं की नाही याबद्दल शास्त्रज्ञांचंही अजून एकमत नाही. मलाही त्या अळीचं वाईट वाटलं. म्हणूनच मी कोश लपवला."

तिने यावर काही म्हटले नाही. कोश हातात घेऊन छिद्राला डोळा लावून पाहिले आणि तो शेजारच्या मुलाकडे दिला. कोश वर्गभर फिरला. तास संपताना मी चित्रे काढायला सांगितली. बहुतेकांनी फुलपाखरू काढले. तिने पानाच्या मधोमध रेघ ओढून एका बाजूला तपकिरी कोश व फुलपाखरू काढले, दुसऱ्या बाजूला हिरवा कोश काढून त्याला छिद्र केले आणि भोवती पेन्सिलीने पुष्कळ ठिपके दिले. खाली लिहिले, "हे पण निघाले."

ते चित्र तिने मला दिले. पुढच्या वर्षी आमच्या लिंबावर पुन्हा अळ्या आल्या. मी मुलांना झाडापाशी नेले आणि या वेळी फांदी कापली नाही.